चारशेची स्प्रिंग

आमच्या ह्यांनी आयुष्यात कशाचीही निवड एका दिवसात केलेली नाही, अपवाद फक्त माझा. मला बघायला आले तेव्हा चहाचा कप खाली ठेवायच्या आत हो म्हणून मोकळे झाले. बाकी छत्री घ्यायची तर दोन आठवडे आणि पंखा घ्यायचा तर अख्खा उन्हाळा. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, त्यामुळे वस्तू आधी मोजायची, मग कागदावर मांडायची, आणि मग तिच्याकडे संशयानं बघत बसायचं, ही रीत. तेव्हा सायकलच्या मागच्या शॉकअबसॉर्बरची स्प्रिंग निवडायला ह्यांना सात महिने लागले, ह्याचं मला काही वाटलं नाही. इतकं मोजून मापूनही ती चुकली, ह्याचं मात्र वाटलं. आणि चुकून शेवटी ती कोणाच्या गळ्यात पडली, ते सांगते.

सायकल आली ती अमेरिकेहून. माझे धाकटे दीर अनिश तिकडे असतात. २००३ च्या डिसेंबरात आले तेव्हा एवढा मोठा खोका घेऊन आले. मला वाटलं, मिक्सर असेल. निघाली सायकल, तीही सुटी सुटी. घरचं झालं थोडं नि व्याह्यानं धाडलं घोडं. रणगाड्यासारखे जाड टायर, सत्तावीस गिअर, आणि सीटच्या खाली मनगटाएवढी जाड लाल स्प्रिंग. ही सायकल डोंगरातून उतरायची म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे डोंगर उतरायला माणसाला पाय दिलेत देवानं. पण ह्यांच्या बाबतीत ते खरं नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

ह्यांच्या कमरेतली एक चकती सरकलेली. डॉक्टरांनी सांगितलेलं, सपाटीवर चाला हवं तेवढं, पण उतार नको आणि धक्का तर मुळीच नको. आणि आमची आंब्याची बाग गोळपच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर. फणसोपातल्या आमच्या घरापासून चार किलोमीटर, त्यातले शेवटचे दोन म्हणजे नुसता जांभा. पावसानं धुऊन दगड वर आलेले, मध्ये चर. स्कूटरनं जाऊन आले की ह्यांना दोन दिवस अंथरुणावर पालथं निजावं लागे. त्या सायकलीवर मात्र जादू व्हायची. मागचं चाक दगडावर चढायचं, स्प्रिंग दबायची, सुटायची, आणि ह्यांच्या पाठीला पत्ता लागायचा नाही. पहिल्या दिवशी बागेतून परत आले ते दारात उभं राहून हसत होते. किती वर्षांनी तसं हसलेलं बघत होते मी. मग सायकलीला नावं ठेवणं जरा कमी केलं. बंद नाही केलं.

बाग माझ्या सासऱ्यांनी, परशुरामपंतांनी लावलेली. एकशे दहा कलमं. सड्यावर कातळ फोडून खड्डे काढले, खालून माती नेली, पहिली पाच वर्षं कावडीनं पाणी घातलं. प्रत्येक झाडाला नंबर आहे आणि ह्यांना सगळे नंबर तोंडपाठ आहेत, माझा वाढदिवस विचारा मात्र. आता आंब्याचं असं की मोहोर फुटल्यापासून आंबा उतरेपर्यंत मालकानं रोज बागेत दिसायला लागतं. मोहोरावर तुडतुड्याची कीड कधी पडेल सांगता येत नाही, माकडं आहेत, आणि गडी कितीही चांगला असला तरी मालकाच्या डोळ्याला पर्याय नाही. रोज जाणं जमत नसेल तर बाग कराराने दुसऱ्याला द्यायची, हा एकच रस्ता.

ती घ्यायला लांज्याचे गंगारामशेट टपलेले होते. काजूचे व्यापारी, शिवाय पाच-सहा बागा करारानं घेतलेल्या. माणूस गोड, कोणाचं वाईट चिंतणार नाही. पण करारवाले झाडाच्या मुळाशी औषध ओतून दरवर्षी सपाटून मोहोर काढतात. झाड चार-पाच वर्षं फळतं आणि मग दमून जातं. सासऱ्यांनी जाताना ह्यांच्याकडून एवढंच कबूल करून घेतलेलं, की कलमांना ते पाजू देऊ नकोस. म्हणजे बघा, ह्यांची पाठ आणि ती स्प्रिंग, एवढ्या दोन गोष्टींवर एकशे दहा झाडं उभी होती.

त्यातली स्प्रिंग २००५ च्या मे महिन्यात तुटली. शेवटची पेटी उतरवून हे खाली येत होते, ताडकन आवाज आला आणि सीट खाली बसली. आमच्याकडची खारी हवा ठाऊकच आहे. बिजागऱ्या खाते, खिळे खाते, नवं कुलूप दोन वर्षांत नुसतं शोभेला उरतं. स्प्रिंगीवरचा लाल रंग दगड लागून टवका टवका उडालेला, तिथून गंज आत शिरला आणि एक दिवस वेटोळंच मोडलं.

नाक्यावरचा रघू सायकलवाला आमचा कुलोपाध्याय असल्यासारखा. त्यानं मोपेडची स्प्रिंग कापून, घासून बसवून दिली. हे मोठ्या विश्वासानं बसले, फाटकापर्यंत गेले आणि कंबर धरून चालत परत आले. रघू म्हणाला, मोपेडला इंजिनाचं वजन असतं सर, तुम्हाला इंजिन नाय. मला हसू आवरेना. हे म्हणाले, ह्यात हसण्यासारखं काय आहे.

मग सुरू झाली निवड. अनिशभाऊजींनी फोनवर सांगितलं की स्प्रिंग दोन जातींची मिळते, पोलादाची आणि टायटॅनियमची. टायटॅनियमची वजनाला जवळजवळ निम्मी, दाबली की चटकन परत येते, आणि गंज म्हणजे काय हे तिला ठाऊकच नाही. पण पोलादापेक्षा पाचपट महाग, मागवल्यावर बनवून देतात आणि परत घेत नाहीत. एकदा घेतली की घेतली. त्या किमतीत माझी एक बांगडी झाली असती, हे मी दोनदा सांगितलं. हे म्हणाले, सोनं गंजत नाही म्हणून तू हातात घालतेस, हे गंजत नाही म्हणून मी बुडाखाली घालणार.

तरी लगेच मागवतील तर ते हे कसले. माझी लोणच्याची बरणी घेतली, तीत भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेलं समुद्राचं पाणी भरलं, आणि खिडकीत ठेवून दिली. आत एक खिळा, जुन्या स्प्रिंगीचा तुकडा आणि माझा स्टीलचा चमचा. रोज सकाळी बघून वहीत लिहायचं. टायटॅनियमचा तुकडा कुठून आणणार, म्हणून त्या रकान्यात लिहिलेलं होतं, ‘गंजणार नाही असे गृहीत’. पंधरा दिवसांनी निकाल लागला की खिळा गंजतो. मी म्हटलं, हे मी बरणी न घेता सांगितलं असतं.

जात ठरली, आता ताकद ठरायची होती. स्प्रिंग एक इंच दाबायला किती पौंड लागतात, तो तिचा नंबर. तीनशे, सव्वातीनशे, साडेतीनशे, अशा पंचवीस-पंचवीसच्या पायऱ्या. माणूस नुसता सीटवर बसला की शॉक आपल्या एकूण दाबाच्या एक चतुर्थांश बसला पाहिजे. आमचा शॉक दोन इंच दबणारा, म्हणजे अर्धा इंच. कमी बसला तर धक्का पाठीत येतो, जास्त बसला तर मोठ्या दगडावर तळाला आपटतो. हे सगळं ह्यांनी मला स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना तीनदा समजावलं, म्हणून मला इतकं ठाऊक. शॉकची लांबी, दाब, चाक किती वर उचलतं, सगळं ह्यांनी कॉलेजातला व्हर्निअर डब्याच्या पिशवीतून आणून मोजलं. फक्त एक माप राहिलं. स्वतःचं वजन.

घरी वजनकाटा नाही. डॉक्टरांकडे होता, पण तिकडे हे जाईनात. डॉक्टर वजन बघितलं की लेक्चर देतात, आणि लेक्चर देणाऱ्या माणसाला लेक्चर ऐकवत नाही. शेवटी बागेच्या कडेच्या काजूची बी लांज्याला गंगारामशेटच्या गोदामात घालायला गेलो, तेव्हा ह्यांना काटा दिसला. पोती चढवायचा मोठा काटा. तोलायला त्यांचा जुना माणूस, विठू. हे चपला काढून, खिशातली नाणी नि चष्मा माझ्या हातात देऊन काट्यावर उभे राहिले. आमच्या पोत्यांच्या रांगेतच. विठूनं काटा बघितला, ओठ हलवून काहीतरी पुटपुटला आणि चिठ्ठी फाडून दिली. साठ किलो आठशे ग्रॅम.

मग विठू मला म्हणाला, वयनी, तुम्ही पण या. मी म्हटलं, मला अमेरिकेहून काही मागवायचं नाही. आणि टेम्पोत जाऊन बसले.

त्या चिठ्ठीचं कौतुक काय सांगू. साठ किलो म्हणजे लग्नातलं वजन. बघ, आठशे ग्रॅमसुद्धा सोडले नाहीत, काटा किती चोख आहे, असं लांज्यापासून फणसोपपर्यंत चाललेलं. घरी आल्यावर ती चिठ्ठी बैठकीतल्या कॅलेंडरला टाचणीनं लावली. येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल अशी. वजनाचं कोणी विचारलं नाही तर हे स्वतःच विषय काढायचे.

आता ह्यांच्या पँटी कोण उसवतं? मी. दोन वर्षांत कमरेला दोनदा कापड सोडलेलं. साठ किलोचा माणूस बत्तीसच्या पँटीत मावतो, त्याला चौतिसाची लागत नाही, एवढं फिजिक्स मलाही येतं. पण तोंडावर कशाला बोलायचं? ह्यांनी सगळी मापं लिहून सायबर कॅफेतल्या दीपालीकडून भाऊजींना ईमेल पाठवली. दुसऱ्या दिवशी भाजीला म्हणून मी गेले आणि त्याच दीपालीकडून माझी दोन ओळींची ईमेल पाठवली. भाऊजी, साठ म्हणतायत त्याकडे लक्ष देऊ नका, सत्तर धरा, आणि मी सांगितलं हे सांगू नका. परत येताना कोथिंबीर घ्यायला विसरले, पण मन हलकं झालं होतं. नवऱ्याची पाठ वाचवली, असं वाटत होतं.

पावसाळा गेला. दिवाळीला गंगारामशेट फराळाला आले तेव्हा नेहमीसारखं बागेचं विचारलं. हे पहिल्यांदाच नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, दत्तजयंतीला या. तोवर माझी स्प्रिंग येतेय. रोज वर जाणं जमलं तर बाग माझी, नाही जमलं तर कागदावर सही करतो. शब्द दिला म्हणजे दिला, ह्यांचा स्वभाव मला माहीत आहे. मी आत जाऊन करंज्यांचा डबा उगाच दोनदा बंद केला.

डिसेंबरच्या सुरुवातीला शेजारच्या सावित्रीकाकूंची नात अवनी तिकडून सुट्टीला आली. तिच्या बॅगेत, तिच्या मोज्यांत गुंडाळून स्प्रिंग आली. सोबत भाऊजींची बंद पाकिटातली चिठ्ठी होती, माझ्या नावानं. ती मी वाचली आणि डाळीच्या डब्याखाली सरकवली. स्प्रिंग मात्र खरंच देखणी होती. करड्या रंगाची, मऊसर चकाकी, आणि हातात घेतली तर काही घेतल्यासारखंच वाटेना. ह्यांनी ती उलटी करून वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या गणितानं तीनशेची यायला हवी होती. वर कोरलेलं होतं, चारशे.

भाऊजींच्या चिठ्ठीत काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी पटकन म्हटलं की तिकडच्या लोकांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं, बसवून तर बघा.

रघूनं बसवली. शॉकच्या दांड्याला दोरा बांधून ठेवायचा, माणूस बसला की दोरा सरकतो, उतरल्यावर मोजायचा. हे बसले, उतरले, पट्टी लावली. अर्ध्या इंचाला दोन-अडीच मिलिमीटर कमी. स्प्रिंगीला दाबून धरणारी वरची चकती जेवढी सैल होईल तेवढी रघूनं केली, पण नंबर तो नंबर. मी म्हटलं, दोन मिलिमीटरनं काय होतंय, तांदळाच्या दाण्याची जाडी ती. तीन दिवस हे सड्यावर जाऊन आले. मोहोराचे कोंब दिसायला लागल्याचं आनंदानं सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी ह्यांना उठता येईना.

गरम पाण्याची पिशवी भरभरून मी दमले. हे पालथे पडून होते आणि उशीवर वही ठेवून परत परत तेच गणित करत होते. मला जवळ बोलावून म्हणाले, “उमा, माझंच काहीतरी चुकलंय. वीस वर्षं मुलांना स्प्रिंग शिकवतोय आणि स्वतःची एक काढता आली नाही.” आवाज असा काही पडलेला की मला भडभडून आलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा लौकिक, आणि नेमकी तेव्हाच जीभ उचलेना. दोन दिवस मी त्या माणसाला त्याचं बरोबर असलेलं गणित तपासू दिलं, ह्याची मला आजही लाज वाटते.

दत्तजयंतीला गंगारामशेट आले. कागद घेऊनच. रघूही आलेला, ती स्प्रिंग काढून मोपेडचीच पुन्हा जरा घासून बघावी म्हणून ह्यांनी बोलावलेला. हे कसेबसे कॉटवर उशी लावून बसले होते. शेटनी कागद टेबलावर पसरला, सहीची जागा दाखवली, आणि ह्यांनी पेन उघडलं. शेटना तारीख लिहायची होती म्हणून ते कॅलेंडरपाशी गेले. तिथं टाचणीला लावलेली चिठ्ठी त्यांना दिसली.

चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि हसायला लागले. इतके की खुर्चीचा आधार घ्यावा लागला. त्यांनी विचारलं, हे वजन कशाचं सर, बीचं की तुमचं? माझं, हे म्हणाले. तेव्हा शेटनी डोळे पुसत सांगितलं की विठू तीस वर्षं काजू तोलतोय, त्यानं आजवर काट्यावरचा आकडा कधी कागदावर उतरवलेला नाही. आधी गोणीचा एक किलो वजा, मग बीच्या ओलीची तूट शेकडा पाच. मनातल्या मनात करतो आणि उरेल ते लिहितो. माणूस उभा राहिला म्हणून त्याचा हात बदलणार थोडाच.

ह्यांनी पेन बाजूला ठेवून वही ओढली. साठ किलो आठशेला तूट परत मिळवली, चौसष्ट झाले. वर गोणीचा एक. पासष्ट. सव्वातीनशेची स्प्रिंग हवी होती. हे म्हणाले, “म्हणजे मी पंचवीसनं चुकलो. पण चारशे कुठून आले?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी आत गेले, डाळीच्या डब्याखालची चिठ्ठी आणली आणि ह्यांच्या पुढ्यात ठेवली. माझी ईमेलही सांगितली, कोथिंबिरीसकट. भाऊजींनी लिहिलं होतं की वहिनी, तुम्ही सत्तर म्हणालात, पण बायको नवऱ्याला नेहमी कमीच धरणार, म्हणून मी दुकानात पंचाहत्तर सांगितलं. दुकानदार म्हणाला की स्वार पाठीवर पिशवी घेतोच, शंका असेल तर एक पायरी वर जावं. म्हणून ऐंशीच्या माणसाला चालेल अशी आली. विठूनं चार कमी केले, मी पाच वाढवले, भाऊजींनी पाच, दुकानदारानं पाच. सगळ्यांनी ह्यांचं भलंच केलं होतं.

मला वाटलं, आता हे रागावणार. हे पोट धरून हसले, आणि हसताना कळ आली म्हणून कळवळले, आणि तरी हसत राहिले. माझं गणित बरोबर होतं, एवढंच दोनतीनदा म्हणाले. मी डोळ्याला पदर लावला. हसून की रडून, माझं मला कळत नव्हतं.

पण हसणं थांबलं तरी कागद टेबलावर होताच. दुसरी स्प्रिंग यायला आणखी सहा महिने, आणि मोहोर सहा महिने थांबणार नव्हता. शेट म्हणाले, सर, मला घाई नाही, पण बाग थांबायची नाही. ह्यांनी पेन पुन्हा उचललं. त्यांच्या हाताकडे मला बघवेना.

रघू दाराशी सायकलपाशी बसला होता. स्प्रिंगीवरून हात फिरवत स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “काढवत नाय मला ही. स्प्रिंगीला दोष नाय सर. हिला फक्त पंधरा किलो जड माणूस पायजे.”

आणि मग त्या खोलीत असं काही झालं की मी जन्मात विसरणार नाही. गंगारामशेट छताकडे बघायला लागले. रघूनं मान खाली घालून पान्हा पुसायला घेतला. आमचे हे खिडकीतून बाहेरच्या नारळाकडे इतकं मन लावून बघू लागले, जसं काही ते झाड आजच उगवलंय. तिघांपैकी एकही जण माझ्याकडे बघत नव्हता. तिघंही इतक्या कसोशीनं बघत नव्हते की मेलं मला ते कोणी आरसा धरल्यापेक्षा जास्त लागलं.

मी म्हटलं, बोला की. तोंडात मूग कसले धरलेत?

माझं माहेर बुरोंडीचं. वडील तिथं शाळामास्तर होते. त्यांच्या चोवीस इंची सायकलवर दांडीखालून पाय घालून मी पुळणीवर चालवायला शिकले, आणि दहावीपर्यंत त्या अख्ख्या किनाऱ्यावर माझ्यापुढे कोणी जाऊन दाखवलं नव्हतं. लग्न झालं आणि सायकल राहिली. हे मी ह्यांना कधीतरी सांगितलं होतं, पण माझ्या वाढदिवसासारखं तेही ह्यांच्या लक्षात असेल असं मला वाटत नव्हतं. हे नारळाकडे बघतच हळू म्हणाले, “बुरोंडीच्या पुळणीवर कोणीतरी फार जोरात चालवायचं म्हणे.”

मी आत गेले. महाबळेश्वरच्या ट्रिपला शिवलेला पंजाबी ड्रेस ट्रंकेतून काढला. तो शिवल्यापासून जरा आटला होता, कापड हलकं निघालं. बाहेर आले तेव्हा कोणी काही बोललं नाही, नशीब त्यांचं. रघूनं सीट माझ्या मापानं केली, दोरा बांधला. मी भिंतीला हात धरून बसले. सीट हळूच खाली गेली आणि थांबली, जशी आपली खुर्ची आपल्याला ओळखते. उतरले. रघूनं पट्टी लावली, परत लावली, आणि पट्टी ह्यांना नेऊन दाखवली. अर्धा इंच. एक केस इकडे नाही की तिकडे.

शेट म्हणाले, काखेत कळसा नि गावाला वळसा. मी त्यांच्याकडे असं बघितलं की उरलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला.

पहिल्या दिवशी सड्यावर जाताना मी एक हात ब्रेकवर ठेवूनच निघाले. चढावर तीनदा उतरले, एकदा करवंदीत गेले. पण वरच्या जांभ्यावर आले आणि मागचं चाक दगडावर चढलं, स्प्रिंग दबली, सुटली, आणि मला काहीच कळलं नाही. तेव्हा ते दारात उभं राहून हसणं कशाचं होतं ते समजलं. वारा थेट समुद्रावरून येत होता आणि मी सत्तेचाळीस वर्षांची बाई तिथं एकटीच मोठ्यांदा हसले. एकशे दहाही झाडांपाशी जाऊन आले. सासऱ्यांनी लावलेली, ह्यांनी जपलेली, आणि मी आजवर फक्त पेट्यांत भरलेली.

तो अख्खा हंगाम मी गेले. हे घरी कॉटवरून नंबर विचारायचे, चोवीसला तुडतुडा आहे का, एकसष्टचा मोहोर करपलाय का, आणि मी सांगायची. गंगारामशेट कागद घडी करून घेऊन गेले होते. एप्रिलात स्वतः दोन डझन आंबे विकत घ्यायला आले. शिमग्यानंतर ह्यांची पाठ सुधारली, उन्हाळ्याच्या शेवटी सव्वातीनशेची स्प्रिंगही आली. म्हटलं, आता सायकल तुमची. हे म्हणाले, ती स्प्रिंग राहू दे डब्यात, मी रविवारी तेवढी बदलून जाईन.

एका गोष्टीची मात्र मला धाकधूक होती. स्प्रिंगीचा नंबर ठाऊक, दाब ठाऊक, दोरा किती सरकला ते ठाऊक. आमच्या ह्यांना आणखी काय लागतं? एका संध्याकाळी वहीत काहीतरी मांडून बसलेले दिसले. मी लांबूनच ओळखलं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, जो आकडा मी डॉक्टरांना सांगितला नाही, शिंप्याला सांगितला नाही, विठूच्या काट्यावरून जो वाचवून आणला, तो ह्या माणसानं एका दोऱ्यावरून काढला होता. आता हा दारोदार सांगणार, मी केलेल्या सगळ्या थट्टेचं व्याजासकट उट्टं काढणार. काढो. माझ्या तोंडानं मी ते कमावलेलंच होतं.

दुसऱ्या दिवशी कॅलेंडरपाशी गेले तर विठूची चिठ्ठी पालथी लावलेली होती. मागच्या कोऱ्या बाजूवर ह्यांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘सौ. उमा. गोणी वजा एक, ओलीची तूट शेकडा पाच. निव्वळ पंचाहत्तर किलो पन्नास ग्रॅम.’

ज्या माणसानं जन्मात कधी चुकीचा आकडा लिहिला नाही, त्यानं माझ्यासाठी ठरवून एक लिहिला होता. मी तूट परत मिळवून बघितली नाही. चिठ्ठी अजून तिथंच आहे, येणाऱ्या जाणाऱ्याला दिसेल अशी.